रुंद केलेली वाट पुन्हां अरुंद कां होते?

इस्पितळांतून परतलेल्या गृहस्थांचें घरांत मोठ्या आनंदानें स्वागत होतें. हृदयाला रक्त पुरविणारी एक धमनी आंतून बुजत चालली होती. डॉक्टरांनीं मनगटाच्या धमनींतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेली, बुजलेल्या जागीं फुगा फुगवून वाट मोकळी केली, आणि ती पुन्हां मिटूं नये म्हणून धातूची एक लहानशी जाळी, जिला स्टेंट म्हणतात, तेथें बसविली. तिसऱ्या दिवशीं गृहस्थ घरीं आले. छातींतली कळ नाहींशी झालेली, चेहऱ्यावर तजेला आलेला. शेजारीपाजारी भेटून जातात आणि "नवा जन्मच झाला म्हणायचा" असें जो तो म्हणतो. मग चारपांच महिने उलटतात, आणि एके दिवशीं तिसऱ्या मजल्याचा जिना चढतांना तीच ओळखीची कळ उठते, छातीवर कोणीं धोंडा ठेवावा तसा तोच भार जाणवतो. तपासणी होते. जाळी जागच्या जागीं आहे, तिची एक तारही हललेली नाहीं. परंतु जाळीच्या आंत नवें ऊतक वाढून वाट पुन्हां अरुंद झालेली आहे.

असा प्रसंग पूर्वीं जितका वारंवार येत असे तितका आज येत नाहीं. परंतु ज्या घरांत तो येतो त्या घराला हा हिशेब कोठून समाधान देणार? तेथें पहिला विचार मनांत येतो तो असा कीं जाळी हलक्या प्रतीची असेल, डॉक्टरांचा हात चुकला असेल, नाहीं तर रुग्णानें चोरून पथ्य मोडलें असेल. क्वचित् यांपैकीं एखादी गोष्ट खरीही असते. पण पुष्कळ वेळां दोष कोणाचाच नसतो. जखम भरून काढण्याचें जें काम शरीर जन्मभर बिनबोभाट करीत आलें, तेंच काम तें येथेंही करतें. हाताच्या बोटावर एखादा व्रण थोडा जाड राहिला तर त्याची कोणी दखल घेत नाहीं. हृदयाची धमनी मुळांत तीनचार मिलिमीटर रुंदीची. तेथें तोच व्रण जाड झाला कीं जिवावर बेततें.

धमनी आंतूनच मोकळी करावी ही कल्पना प्रथम हृदयासाठीं निघाली नाहीं. १९६४ च्या जानेवारींत अमेरिकेंतील ओरेगन राज्यांत, पोर्टलंड येथें, चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञांकडे ८२ वर्षांची एक वृद्धा आली. पायाची धमनी बुजून पाऊल कुजूं लागलें होतें. शस्त्रवैद्य पाय कापावा असें सांगत होते आणि बाई त्यास मुळींच राजी नव्हत्या. डॉटर यांनीं त्या धमनींत एकीहून एक जाड अशा नळ्या सारून वाट रुंद केली आणि पाय वाचला. पुढें झुरिक येथें आंद्रेआस ग्रुंट्झिग या जर्मन डॉक्टरांनीं जाड नळीच्या ऐवजीं चिमुकला फुगा वापरण्याचें मनावर घेतलें. दिवसा इस्पितळाचें काम आणि संध्याकाळीं घरच्या स्वयंपाकघरांतील टेबलावर फुगे बनविण्याची खटपट, असा त्यांचा क्रम कित्येक महिने चालला. १६ सप्टेंबर १९७७ रोजीं त्यांनीं ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयधमनींत असा फुगा फुगविला. छाती न फाडतां हृदयाची वाट मोकळी झाली. तो रुग्ण पुढें अनेक वर्षें सुखरूप राहिला. ग्रुंट्झिग मात्र १९८५ सालीं विमान अपघातांत वारले.

या यशामागून अपयशही लगोलग आलें. फुग्यानें मोकळ्या केलेल्या धमन्यांची सहा महिन्यांनीं पाहणी केली तेव्हां दर शंभरांत तीस ते चाळीस, आणि कधीं त्याहूनही अधिक, पुन्हां अरुंद झालेल्या आढळल्या. शोध घेतां त्याचीं तीन कारणें निघालीं. पहिलें असें कीं धमनीची भिंत लवचिक असते. ती ताणली तरी सैल सोडतांच कांहीं अंशीं मागें येते. दुसरें असें कीं जखम भरतांना सबंध भिंतच आकसते. भाजलेल्या जागेची कातडी भरून येतांना आखडते, तसाच हा प्रकार. आणि तिसरें कारण म्हणजे आंतल्या बाजूस नव्या ऊतकाची वाढ.

पहिल्या दोन कारणांवर धातूची जाळी हा सरळ उपाय होता. घराच्या खचत्या छताला खांबाचा टेकू द्यावा तसा धमनीला आंतून टेकू द्यावयाचा. १९८६ सालीं फ्रान्समधील तुलूझ येथें झाक प्युएल यांनीं आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथें उलरिक सिग्वार्ट यांनीं हृदयधमनींत अशा जाळ्या बसविल्या. १९९४ सालीं दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध झाले. युरोपांतील चाचणींत नुसत्या फुग्यानंतर शंभरांत ३२ धमन्या पुन्हां अरुंद झाल्या होत्या, जाळीनंतर २२. अमेरिकेंतील चाचणींत हेच आंकडे सुमारें ४२ आणि ३२ होते. म्हणजे दर शंभर रुग्णांत दहांचा लाभ झाला. पण वीस ते तीस जणांची अडचण तशीच राहिली. जाळीनें भिंत मागें येणें थांबविलें, आकसणें थांबविलें. परंतु ऊतकाची वाढ तिनें थांबविली तर नाहींच, उलट वाढविली. धातूच्या तारा भिंतींत रुतून बसतात आणि तेथेंच राहतात. फुग्याची जखम क्षणाची. जाळीचा बोच कायमचा.

ही वाढ होते कशी, हें समजण्यास प्राणवायूची दुसरी बाजू पाहावी लागते. प्राणवायूवांचून मनुष्य कांहीं मिनिटेंही तग धरीत नाहीं; पण तोच वायु लोखंडी तव्यावर गंज चढवितो, कापून ठेवलेलें सफरचंद काळपट करतो आणि बरणीच्या तळाशीं राहिलेल्या तेलाला खवट वास आणतो. शरीरांत गेल्यावरही त्याचा हा स्वभाव सुटत नाहीं. पेशी अन्नापासून शक्ति काढतांना प्राणवायु वापरतात. त्या व्यवहारांत त्याच्या कांहीं रेणूंना एकेक जादा इलेक्ट्रॉन चिकटतो आणि सुपरऑक्साइड नांवाचे अस्वस्थ कण निर्माण होतात. पेशी असे कण मुद्दामही तयार करतात. पांढऱ्या रक्तपेशी त्यांच्याच साह्यानें जंतूंना मारतात. शरीरांत त्यांना आवर घालणारीं द्रव्यें असतात. त्यांपैकीं एक महत्त्वाचें द्रव्य १९६९ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत जो मॅकॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनीं ओळखून काढलें. कण उत्पन्न होणें आणि ते आवरले जाणें यांचा मेळ राहतो तोंवर कांहीं बिघडत नाहीं. उत्पत्ति वाढली किंवा आवर कमी पडला, कीं जी ओढाताण सुरू होते तिला ऑक्सिडीकरणाचा ताण असें म्हणतात.

धमनीच्या आंतील बाजूस पेशींचा एकच पदर असलेलें एक अत्यंत नाजूक अस्तर असतें. बराच काळ तें नुसतें वेष्टन समजलें जाई. १९८० सालीं न्यूयॉर्क येथील रॉबर्ट फर्चगॉट यांनीं सशाच्या महाधमनीच्या चकत्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. अस्तर शाबूत असलेली चकती विशिष्ट औषधानें सैल पडे. अस्तर चुकून घासलें गेलेली चकती त्याच औषधानें उलट आवळे. म्हणजे सैल पडण्याचा निरोप अस्तराकडूनच जात असला पाहिजे. हा निरोप नेणारें द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायु होय, हें पुढें सिद्ध झालें आणि १९९८ चें नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांना मिळालें. हा वायु धमनी सैल ठेवतो एवढेंच नव्हे. रक्ताच्या बिंबिका भिंतीला चिकटूं देत नाहीं आणि भिंतींतील अनैच्छिक स्नायूंच्या पेशींना वाढूं देत नाहीं. घरांत एखाद्या वडील माणसाच्या नुसत्या अस्तित्वानें सगळे जसे आपापल्या मर्यादेंत राहतात, तशी ही व्यवस्था आहे.

फुगा फुगतो तेव्हां हें अस्तर खरवडलें जातें आणि ही व्यवस्था एका क्षणांत मोडते. उघड्या पडलेल्या जागेवर बिंबिका जमतात; पांढऱ्या पेशी धांव घेतात; दुखावलेल्या स्नायुपेशी स्वतःच सुपरऑक्साइड भराभर तयार करूं लागतात. हे कण उरल्यासुरल्या नायट्रिक ऑक्साइडशीं संयोग पावून त्याला निकामी करतात, आणि त्या संयोगांतून पेरॉक्सिनायट्राइट नांवाचें अधिकच दाहक द्रव्य निपजतें. आवर घालणारा तर गेलाच, पण त्याच्याच नाशांतून नवा उपद्रव उभा राहिला. शिवाय सुपरऑक्साइडपासून होणारें हायड्रोजन पेरॉक्साइड अल्प प्रमाणांत असतां पेशींना मारीत नाहीं. तें त्यांना वाढीची हांक देतें. मग आजवर आकुंचन-प्रसरण एवढेंच काम करणाऱ्या स्नायुपेशी आपला जुना धंदा सोडतात, भिंतीच्या मधल्या थरांतून आंतल्या बाजूस सरकतात, तेथें संख्येनें वाढतात आणि आपल्याभोंवतीं तंतुमय द्रव्य रचीत जातात. तीन ते सहा महिन्यांत हें बांधकाम पुरें होतें. गृहस्थांना जिन्यावर जी कळ आली ती याच मुदतींत आली, हा योगायोग नव्हे.

ही साखळी उलगडतांच एक सोपा उपाय सुचणें साहजिक होतें. ताण ऑक्सिडीकरणाचा असेल, तर ऑक्सिडीकरण रोखणारीं औषधें द्यावीं. कॅनडांतील माँट्रियल येथें ३१७ रुग्णांवर याची कसोटी घेण्यांत आली. तिचा निकाल १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. रुग्णांचे चार गट केले. एकाला प्रोब्युकॉल नांवाचें, रक्तांतील कोलेस्टेरॉल कमी करणारें व ऑक्सिडीकरण रोखणारें औषध, दुसऱ्याला बीटा-कॅरोटीन, क जीवनसत्त्व आणि ई जीवनसत्त्व यांच्या मोठ्या मात्रा, तिसऱ्याला दोन्हीं, आणि चौथ्याला निर्गुण गोळ्या. औषध फुग्याच्या आधीं चार आठवडे सुरू केलें आणि नंतर सहा महिने चालविलें. निर्गुण गोळ्यांच्या गटांत फुग्यानें मोकळ्या केलेल्या जागांपैकीं शंभरांत ३८.९ पुन्हां अरुंद झाल्या. प्रोब्युकॉलच्या गटांत २०.७, म्हणजे जवळजवळ निम्म्या. जीवनसत्त्वांच्या गटांत ४०.३, म्हणजे कांहींही लाभ नाहीं. आणि दोन्हीं एकत्र घेणाऱ्यांत २८.९, म्हणजे जीवनसत्त्वांनीं औषधाला हातभार लावला असें दिसलें नाहीं, उलट त्याचा गुण कांहींसा उणा झालेला दिसला.

हा निकाल सुशिक्षित घरांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. फळांत आणि भाजींत जें द्रव्य हितकर तें गोळीच्या रूपानें दसपट घेतल्यास दसपट हितकर, असा समज फार पसरलेला आहे. पण हीं द्रव्यें स्वतः इलेक्ट्रॉन देऊन मोकाट कणांना शांत करतात, आणि तसें करतांना स्वतः अस्वस्थ बनतात. मात्रा भलतीच झाल्यास तींच ऑक्सिडीकरणाला साह्य करीत असावींत, असा एक तर्क आहे. पुढें २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणींत साडेनऊ हजारांहून अधिक लोकांपैकीं निम्म्यांना सुमारें साडेचार वर्षें रोज ई जीवनसत्त्व दिलें. हृदयविकाराच्या बाबतींत त्याचा कांहींच उपयोग दिसला नाहीं.

मग प्रोब्युकॉलनें तरी प्रश्न सोडविला काय? तसेंही झालें नाहीं. धमनीच्या आंतून ध्वनिलहरींनीं चित्रें घेतल्यावर कळलें कीं या औषधाचा लाभ मुख्यतः भिंतीचें आकसणें थांबविल्यामुळें झाला होता. नव्या ऊतकाची वाढ त्यानें फारशी रोखली नव्हती. पण आकसणें थांबविण्याचें काम तर धातूची जाळी आधींच करीत होती. औषध चांगलें निघालें, परंतु त्याची जागा आधींच भरलेली होती. शिवाय तें हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत्-क्रमांत बदल घडवितें आणि उपकारक कोलेस्टेरॉलही घटवितें. म्हणून अमेरिकेंतील बाजारांतून तें १९९५ सालींच मागें घेण्यांत आलें होतें.

खरा तोडगा अगदीं वेगळ्या दिशेनें आला. १९६४ सालीं कॅनडाहून एक वैद्यकीय मोहीम पॅसिफिक महासागरांतील ईस्टर बेटावर गेली होती. तिनें आणलेल्या मातींत एक सूक्ष्म जंतु सांपडला. त्यापासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेंत सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय शास्त्रज्ञांनीं एक बुरशीनाशक द्रव्य वेगळें केलें. बेटाच्या मूळ नांवावरून, रापा नुई यावरून, त्याला रॅपामायसिन म्हणूं लागले. त्याचेंच दुसरें नांव सिरोलिमस. काशी हिंदु विश्वविद्यालयांत औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या सेहगल यांचा संशोधनलेख १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें कंपनीनें तें काम सोडून दिलें आणि माँट्रियलची प्रयोगशाळाही बंद केली. तेव्हां सेहगल यांनीं थोडें औषध घरच्या शीतपेटींत जपून ठेवलें व बिऱ्हाड हलवितांना बरोबर नेलें. कांहीं वर्षांनीं कंपनीचें मन वळलें आणि १९९९ सालीं मूत्रपिंडाच्या रोपणानंतर वापरण्यास या औषधाला मान्यता मिळाली.

पेशी दुभंगण्यापूर्वीं ज्या उंबरठ्यावर क्षणभर थांबते तेथेंच तिला रोखून धरणें, हा या औषधाचा विशेष गुण आहे. हृदयधमनीच्या जाळीवर त्याचा पातळ लेप द्यावा आणि तो कांहीं आठवडे हळूहळू झिरपत राहावा, अशी योजना निघाली. १९९९ च्या डिसेंबरांत ब्राझीलमधील साओ पाउलो येथें एदुआर्दो सौसा यांनीं अशा जाळ्या प्रथम बसविल्या. २००२ सालीं २३८ रुग्णांच्या एका चाचणीचा निकाल आला. साध्या जाळीच्या गटांत सहा महिन्यांनीं शंभरांत २६.६ धमन्या पुन्हां अरुंद झाल्या होत्या. औषधी जाळीच्या गटांत एकही नाहीं. प्रत्यक्ष व्यवहारांत तो आंकडा शून्य राहिला नाहीं. तरी पूर्वींच्या मानानें फारच खालीं आला. सेहगल २००३ सालीं निवर्तले.

परंतु निसर्ग उधारी ठेवीत नाहीं. औषधाला स्नायुपेशी आणि अस्तराची पेशी यांतला भेद कळत नाहीं. एकीला रोखतांना तें दुसरीलाही रोखतें. जाळीच्या तारांवर नवें अस्तर पसरण्यास विलंब लागतो, आणि जें पसरतें तेंही पूर्वींसारखें कामसू नसतें. तेथें नायट्रिक ऑक्साइड कमी आणि ऑक्सिडीकरणाचा ताण अधिक, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. उघड्या राहिलेल्या तारेवर एखादे वेळीं एकाएकीं रक्ताची गुठळी होते. वाट अरुंद होणें हें महिन्यांचें काम. गुठळी मिनिटांत वाट बंद करते. २००६ सालीं या धोक्याची जगभर मोठी चर्चा झाली. त्यानंतर अधिक बारीक तारांच्या जाळ्या आल्या. पहिल्या औषधी जाळीची तार सुमारें १४० मायक्रॉन जाड होती, नंतरच्या कित्येक जाळ्यांची ८० च्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. लेपही सौम्य झाले. जेथें जाळींतच पुन्हां वाढ झाली तेथें दुसरी जाळी न बसवितां औषध माखलेला फुगा क्षणभर टेकवून काढून घ्यावा, ही रीतिही २००६ पासून पुढें आली.

भारतांत या जाळीचा प्रश्न बराच काळ पैशाचाही होता. फेब्रुवारी २०१७ मध्यें सरकारनें किंमतीवर मर्यादा घातली. त्या वेळीं साध्या जाळीला ७,२६० आणि औषधी जाळीला २९,६०० रुपये ही कमाल किंमत ठरली. त्यामुळें औषधी जाळी अनेक घरांच्या आटोक्यांत आली. पण जाळी विकत घेतां येते, जखम भरण्याची रीत विकत घेतां येत नाहीं. ती ज्याची त्यानेंच सांभाळावी लागते.

त्यासाठीं घरांतल्या माणसांनीं चार गोष्टी पक्क्या ध्यानांत ठेवाव्या. बिंबिकांना चिकटूं न देणाऱ्या ज्या दोन गोळ्या डॉक्टर देतात, त्या अस्तर भरून येईपर्यंत रुग्णाला राखणाऱ्या आहेत. बहुधा सहा महिने, आणि झटका येऊन गेलेला असल्यास बहुधा वर्षभर, त्या चालवाव्या लागतात. पुढेंही त्यांपैकीं एक बहुधा चालू राहते. दांत काढावयाचा आहे, लग्नासाठीं परगांवीं जावयाचें आहे, आतां बरें वाटतें, अशा कारणांसाठीं त्या आपल्या विचारानें बंद करणें हा घोर अविचार होय. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्यावांचून एकही गोळी सोडूं नये. दुसरी गोष्ट तंबाखूची. विडी असो, सिगारेट असो कीं मिशेरी असो, ती धमनीच्या अस्तराशीं वैर करते, आणि धुराचा प्रत्येक झुरका तर मोकाट कणांची भर घालतो. तिसरी मधुमेहाची. रक्तांत साखर अधिक राहिली कीं हाच ताण वाढतो, आणि मधुमेही रुग्णांच्या जाळ्या इतरांपेक्षां अधिक वेळां अरुंद होतात. चौथी अशी कीं जुनी कळ परत आली तर "जाळी बसविली आहे, आतां कसली भीति" असें म्हणून ती अंगावर काढूं नये. वाट पुन्हां अरुंद झाली असली तरी आज ती पुन्हां मोकळी करतां येते. मात्र त्यासाठीं रुग्णानें वेळेवर इस्पितळांत पोंचलें पाहिजे.

डॉटर यांच्या नळ्यांपासून औषधी जाळीपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षें गेलीं. या अवधींत वैद्यांनीं बुजलेली वाट प्रथम बळानें उघडली, मग टेकू देऊन उघडी ठेवली, आणि अखेरीस शरीर तेथें काय करूं पाहतें हें समजावून घेण्याकडे वळले. जिन्यावर थांबलेल्या त्या गृहस्थांना पुन्हां इस्पितळांत जावें लागेल, हें खरें. परंतु त्यांच्याच घरांत एकमेकांवर ठेवला जाणारा दोष तरी यापुढें थांबावयास हरकत नाहीं. त्यांच्या शरीरानें जखम भरली, ती थोडी अधिक भरली, एवढेंच घडलें आहे. तिला आवर घालण्याचे उपाय आज हातीं आहेत, आणि त्यांतले निम्मे तरी औषधाच्या डब्यांत व स्वयंपाकघरांतच आहेत.